मागची सीट

मिनलने शेवटचा हूक काढला आणि ते धूड मागच्या सीटवरून खाली ओढलं. पार्किंगच्या फरशीवर बॅग आपटली तसा आतल्या पान्यांचा खणखणाट झाला. तळमजल्यावरच्या इंदुताईंच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. लागू दे, मिनल मनाशी म्हणाली. आज सगळ्या बिल्डिंगला कळू दे.

बॅग मिलिटरीच्या जुन्या मालातली होती. हिरवी, लोडासारखी लांब आणि मुडद्यासारखी जड. तिच्यात ट्यूबा होत्या, हवेचा पंप होता, पंक्चरचं सामान, पान्यांचा संच, क्लचच्या केबली, चेनचं तेल, औषधांचा डबा, ताडपत्री, काय नव्हतं ते विचारा. यातलं तिच्या नवऱ्याचं, विक्कीचं, काहीच नव्हतं. हे ग्रुपचं सामान. दर हिवाळ्यात हा ग्रुप मोटारसायकली काढून कुठेतरी लांब जायचा, आणि सगळ्यांचं हे लटांबर विक्कीच्या मागच्या सीटवर बसून जायचं. बॅगेने गोवा पाहिला होता, हंपी पाहिलं होतं, कन्याकुमारीचा समुद्र पाहिला होता. मिनलने फोटो पाहिले होते, आणि फोटोंतही बॅग होतीच.

यंदा कच्छला निघायचं होतं. दिवाळीत आईसमोर विक्की स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता, "या वर्षी हिला नेतोच." सासूबाई कस्तुराबाईंनी लगेच शब्द उचलून धरला होता, तुमच्या पोरीचं मी बघते म्हणाल्या होत्या. मिनल कुरुळीच्या एका कंपनीत डिस्पॅचला होती. तिने सुट्टीच्या दिवशी जाऊन काम केलं, सुपरवायझरची मनधरणी केली आणि रजा पदरात पाडून घेतली. नवं हेल्मेट घेतलं. मोबाइलवर रणाचे व्हिडिओ बघून बघून डोळे दुखले. आणि काल संध्याकाळी हा बाप्या बॅग घेऊन घरी आला, अर्धा तास खपून ती मागच्या सीटवर बांधली, आणि वर येऊन पडल्या चेहऱ्याने म्हणाला, "जागाच राहिली नाही गं. पुढच्या वर्षी नक्की."

रात्रभर मिनलने नुसता राग राखला होता, दूध उतू जाऊ नये म्हणून आच बारीक ठेवावी तसा.

विक्की हेल्मेट आणि पाण्याची बाटली घेऊन जिन्यावरून उतरला आणि शेवटच्या पायरीवरच थांबला.

"हे काय केलंस?"

"सामान उतरवलं."

"अगं, किती वेळ लागला होता मला बांधायला."

"सोडायला नाही लागला. आमच्याकडं असं बांधलं असतं ना, तर गाडी गेटाच्या बाहेर पडायच्या आधी माल रस्त्यावर आला असता."

"मिनल, हळू बोल. लोक उठतील."

"उठू देत की. त्यांना पण सांग, बायकोला कबूल केलेली जागा पंपाला दिली म्हणून."

विक्की वाकला आणि मागच्या टायरवर अंगठा दाबून बघू लागला. कोंडीत सापडला की त्याला नेहमी टायर आठवायचा.

"ग्रुपचं सामान आहे ते," तो टायरकडे बघतच म्हणाला. "रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली म्हणजे?"

"तर ज्याची पडली त्यानं बघावं! बाकीच्यांच्या गाड्या काय हवा खायला चालल्यात? सगळ्यांत तूच एक गाढव सापडलास त्यांना?"

"माझ्याच गाडीला भक्कम कॅरिअर आहे."

"ते पण त्यांच्याच सामानासाठी करून घेतलंस. चिखलीला जाऊन. उभं राहून."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण विक्की रागवत नाही, हेच तर मिनलचं जन्माचं दुखणं. कंपनीत लाइनवर कोणीही येतो आणि त्याला कामाला लावतो. आणि सुट्टीत चार दिवस मजा करायला जावं, तर तिथेही हा सगळ्यांत मागे. त्या ग्रुपची पद्धतच होती तशी: पुढे एकजण रस्ता दाखवणार, आणि मागे एकजण सामान घेऊन. मागच्याने कुणाला ओलांडायचं नाही. कुणी थांबलं की थांबायचं, कुणाचं बिघडलं की उतरायचं. म्हणजे पोचणार सगळ्यांत शेवटी, जेवणार शेवटी, आणि झोपायला जागा मिळणार दाराशी. बाकीचे कोण, तर कुणी आयटीतला, कुणी दुकानवाला, कुणी स्वतःच्या वर्कशॉपचा मालक. आणि ओझं कुणाकडे, तर विक्कीकडे.

मिनलचा बाप जयसिंग भोसरीत कारखान्यांचे ट्रक भरायचा. पाठीवर माल वाहून त्याने तीन लेकरं शिकवली. ओझं उचलायला लाज नाही, फुकट उचलायला आहे, असं तो म्हणायचा, आणि आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या फुकटच उचलायला लावलंय हेही म्हणायचा. ते मिनलच्या हाडीमासी मुरलं होतं. त्याच बापाचा जावई आता हौसेने हमाली करतो, तीही पदरचं पेट्रोल जाळून. याचा तिला इतका संताप यायचा की कधीकधी ग्रुपच्या फोटोतली हसरी तोंडं बघून मोबाइल फेकावासा वाटायचा.

पहाटेच तिने आपले कपडे गाडीच्या बाजूच्या बॅगेत भरून ठेवले होते. आता तिने सॅक पाठीला लावली आणि हेल्मेट घातलं.

"काढ गाडी. मी येणार. ही बॅग पण येईल. कुरुळी फाट्याला तुमचा ग्रुप जमतो, तिथपर्यंत मी घेऊन बसते. तिथं ज्याचं त्याला वाटून देते."

विक्कीचा हात टायरवरून सुटला.

"तिथं तमाशा करू नकोस, मिनल. पाया पडतो."

"तमाशा दरवर्षी होतोय. तुझा. फक्त तुला दिसत नाही."

इंदुताई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी काय ऐकलं आणि काय नाही कोण जाणे, पण पुढे होऊन बॅगेची एक बाजू धरली आणि मिनल मागे बसल्यावर तिच्या मांडीवर चढवून दिली.

"नीट जा गं," त्या म्हणाल्या, आणि विक्कीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

नवरा पुढे, बायको मागे आणि मधे बॅग, अशी वरात दिघीतून निघाली. पंपाचा दांडा मिनलच्या बरगडीत रुतत होता. थंडी जॅकेटातून आत शिरत होती. भोसरी ओलांडून नाशिक रस्त्याला लागले तेव्हा कंपन्यांच्या बसगाड्या सुरू झाल्या होत्या, आणि रात्रपाळी संपवून परतणारी माणसं कानटोप्यांत तोंडं खुपसून उलट बाजूने येत होती. मोशी गेलं. इंद्रायणीच्या पुलावर धुकं इतकं दाट होतं की पुढच्या ट्रकचे नुसते लाल दिवे दिसत होते.

विक्कीने हेल्मेटची काच वर केली आणि मान अर्धी वळवली.

"मिनल, एक ऐक ना. तिथं पोचायच्या आधी तुला—"

शेजारून कंटेनर भोंगा वाजवत गेला.

"पुढं बघ!" मिनल ओरडली.

थोड्या अंतराने त्याने पुन्हा मान वळवली. या वेळी मिनलने बॅगेवरूनच त्याच्या हेल्मेटवर टपली मारली. मग त्याने काच खाली ओढली.

वाटेत ती मनातल्या मनात बोलणं जुळवत गेली. मोठं भांडण करायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, फक्त चार वाक्यं. पण ती अशी की कच्छहून परत येईपर्यंत कानात राहिली पाहिजेत.

कुरुळी फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलासमोर गाड्या ओळीने लागल्या होत्या. मिनलची नजर आधी मागच्या सीटांवर गेली. बऱ्याचशा रिकाम्या. फार तर एखादी चपटी बॅग, नाहीतर गुंडाळलेला रेनकोट. तिच्या मांडीला मुंग्या आल्या होत्या, आणि इथे सीटा धुक्यात आरामात भिजत उभ्या होत्या.

"आलं, दुकान आलं!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. विक्कीच्या गाडीला ग्रुपमध्ये दुकान म्हणत हे मिनलला आजच कळलं.

गाडी थांबते न थांबते तोच हिंजवडीचा कुलदीप चहाचा ग्लास हातात घेऊन पुढे आला. "विक्कीभाऊ, पुढच्या चाकात हवा कमी वाटते यार. बघ ना जरा."

"बघतो, बघतो," विक्की म्हणाला, आणि त्या आवाजासरशी त्याची पाठ ताठ झाली. मधल्या बॅगेतूनही मिनलला ती जाणवली.

बस्स. मिनल बॅगेसकट खाली उतरली, चहाच्या बाकड्यापर्यंत फरफटत गेली आणि तिने ते धूड ग्लासांच्या शेजारी आदळलं. दोन ग्लास कलंडले. चेन उघडून तिने पंप बाहेर काढला आणि कुलदीपच्या छातीशी धरला.

"हा घ्या. तुमची हवा तुम्ही भरा."

कुलदीपने पंप घेतला. दुसरं काय करणार?

"या ट्यूबा कुणाच्या? या पाच-सहा केबली कुणाच्या गाड्यांच्या? माझ्या नवऱ्याच्या गाडीला एकच क्लच आहे." मिनलचा आवाज आता जुळवलेल्या वाक्यांच्या केव्हाच पुढे गेला होता. "तुमच्या सीटा मोकळ्या पळणार, आणि ह्यानं सगळ्यांचा संसार वाहायचा? का? तो काही बोलत नाही म्हणून? बायको नाही का त्याला? तिला डोंगर, समुद्र बघावासा वाटत नसेल? हमाल समजलात काय त्याला?"

हॉटेलवाल्याने स्टोव्ह बारीक केला. फाट्यावरच्या रिक्षावाल्यांनी माना वळवल्या. विक्की गाडीचं हँडल धरून तसाच उभा होता. "मिनल, सोड," तो म्हणाला, पण इतक्या हळू की ते त्याच्या स्वतःच्याच हेल्मेटात राहिलं.

पुढे आला तो सोहेल. चिखलीत त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, आणि ग्रुपमध्ये रस्ता दाखवणारा तोच. मिनलने त्याच्यासाठी सगळ्यात धारदार वाक्य राखून ठेवलं होतं. पण त्याने आधी कलंडलेले ग्लास उभे केले.

"बरोबर बोलतायत भाभी," तो बाकीच्यांना म्हणाला. "चला रे. आपापलं घ्या."

आणि सगळ्यांनी घेतलं. ना कुणी तोंड वाकडं केलं, ना कुणी कुरकुरलं. एकाने ट्यूबा आपल्या बॅगेत सारल्या, एकाने पान्यांचा संच उचलला, ताडपत्री तर दोघांनी मागितली. "सॉरी, वहिनी," कुलदीप म्हणाला आणि पंप आपल्याच गाडीला बांधायला लागला. चहा थंड व्हायच्या आत बॅग पोटात काही नसल्यासारखी बाकड्यावर पडली.

मिनल हात लांब करून तशीच उभी राहिली. जोर लावून दार ढकलावं आणि ते उघडंच असावं, तसं तिचं झालं. इतक्या वर्षांचा राग, आणि त्याला अडवायला कुणी नाही? एवढं सोपं होतं, तर मग इतकी वर्षं कुणी केलं का नाही?

सोहेलची बायको अलमास चहाचा नवा ग्लास घेऊन तिच्याकडे आली. ती स्वतःची गाडी चालवायची. गुडघ्यांना पॅड बांधलेले, कपड्यांच्या दोन बॅगा गाडीच्या दोन्ही अंगांना, मागची सीट मोकळी. मिनल तिला एकदाच भेटली होती, कुणाच्यातरी लग्नात.

"बस, भाभी. थंडी केवढी आहे," अलमास म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, मायेने, "कंबर कशी आहे आता?"

"कसली कंबर?"

"तुझी. एवढ्या लांब बसवेल ना तुला? आपण थांबत थांबत जाऊ. मी आत्ताच सोहेलला सांगितलं."

मिनलने ग्लास बाकड्यावर ठेवला.

"माझ्या कंबरेला काय झालंय?"

अलमास गोंधळली. तिने एकदा विक्कीकडे बघितलं आणि एकदा मिनलकडे. "विक्कीभाऊ म्हणाले होते ना... मणक्याचं. डॉक्टरनं गाडीवर बसायचं नाही सांगितलंय. म्हणून तर दरवर्षी तू येत नाहीस. मागं आम्ही सामानासाठी जीप करणार होतो, तेव्हा तेच म्हणाले, कशाला, मिनल येत नाही, माझी सीट रिकामीच जाते, माझ्याकडं द्या." ती थांबली. "मी तेल पण पाठवलं होतं. माझ्या अम्मीच्या हातचं. लावलंस ना?"

तेल. उन्हाळ्यात विक्की एक बाटली घेऊन घरी आला होता. आईच्या गुडघ्यांसाठी आणलं, असं म्हणाला होता. कस्तुराबाईंचे गुडघे बरे झाले होते. तेल चांगलंच असणार.

मिनलने मान वळवली. विक्की कुलदीपच्या गाडीपाशी उकिडवा बसला होता. पंप कुलदीपने बांधला होता खरा, पण विक्कीने तो पुन्हा सोडून घेतला होता आणि त्याच्या चाकात हवा भरत होता. कुलदीप नको नको म्हणत होता. विक्कीच्या चेहऱ्यावर एक तजेला होता, घरी कधी न दिसणारा. आणि मिनलला एकदम लख्ख दिसलं की ही बॅग याच्यावर कुणी लादली नव्हती. हा कुणाचा गाढव नव्हता. इथे त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं, आणि हे चार दिवस त्याला हवे होते, तसेच्या तसे, तिच्यावाचून. त्यासाठी त्याने तिचा मणका मोडला होता, दरवर्षी, गोड बोलून. आणि ती मात्र त्याची बाजू घेऊन भर फाट्यावर घसा फोडत होती.

तिचे कान तापले. सकाळपासूनचा राग हा राग नव्हताच, असं तिला वाटलं. राग हा आहे.

अलमासने तिच्या हाताला हात लावला. "भाभी, मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही," मिनल म्हणाली. "लावलं होतं तेल. फरक पडला."

विक्की उठला, हात पुसले, आणि सगळं आटोपल्याच्या सुरात हसत आला. मागच्या सीटवर त्याने हात फिरवला, दव पुसलं.

"चल. झाली बाबा तुझी जागा मोकळी. बस."

मिनलने त्याच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं, इतका की त्याचं हसू तोंडावरच अवघडलं. त्याची नजर अलमासकडे गेली, तिच्या खाली घातलेल्या मानेकडे, आणि परत मिनलकडे आली. मग तो वाकला आणि मागच्या टायरवर अंगठा ठेवला.

मिनल कुलदीपकडे गेली. "तो पंप द्या इकडं."

"अहो, नेतो ना मी. काही प्रॉब्लेम नाही."

"द्या."

एकेकाकडे जाऊन तिने सगळं परत गोळा केलं. ट्यूबा, केबली, पान्यांचा संच, ताडपत्री, डबा. कुणी कारण विचारलं नाही. जड सामान खाली, हलकं वर, पंपाचा दांडा मधोमध. चेन लावून तिने बॅग विक्कीच्या सीटवर चढवली आणि बांधायला घेतली. पट्टा कॅरिअरच्या खालून घेतला, फिरवून वर आणला, गुडघा सीटला टेकवून ओढला, आणि पुन्हा एकदा ओढला. आता ती बॅग कच्छपर्यंत केसभरसुद्धा हलली नसती. विक्की टायरवरचा अंगठा न काढता बघत राहिला.

"मिनल, अगं, असं काय करतेस? बस ना."

तिने गाडीच्या बाजूच्या बॅगेतून स्वतःचे कपडे काढले, पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबले आणि अलमासच्या गाडीकडे गेली.

"तुझ्या मागं जागा आहे?"

अलमासने सोहेलकडे बघितलं नाही, विक्कीकडेही नाही. तिने पाय मारून मागचं पायदान उघडलं. "आहे की. ये."

गाड्या सुरू होऊ लागल्या. ओळीतून कुणीतरी दुसऱ्याच गोष्टीवर मोठ्याने बोललं, कुणीतरी गरज नसताना हॉर्न वाजवला. चाकणच्या दिशेने जाणारी एक कंपनीची बस फाट्यावर थांबली, आणि तिच्या खिडकीतून मिनलच्याच पाळीच्या दोन बायांनी तिला ओळखून हात केला. तिनेही केला.

विक्की तिच्यामागोमाग चार पावलं आला. सगळे बघत होते आणि काहीतरी बोलणं भाग होतं. आणि त्याच्या तोंडून, सवयीनेच, काळजीच्या स्वरात निघून गेलं:

"एवढ्या लांब, मिनल? कंबर दुखेल तुझी."

मिनलने अलमासच्या खांद्यावर हात ठेवून पाय पलीकडे टाकला, नीट बसली, आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावता लावता म्हणाली,

"दुखू दे."